दप्तराची किल्ली कोणाकडे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचे एक लहानसे गाव आहे. एरवी ते तालुक्याबाहेर कोणाच्या लक्षात राहिले नसते. पण २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या गावात आले, मांडव पडला, भाषणे झाली आणि देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या एका बाईच्या हाती ठेवण्यात आला. त्यानंतरच्या बातम्यांत तिचे नाव आले, छायाचित्र आले आणि तो बारा आकडी क्रमांकही जसाच्या तसा छापून आला. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कोणाला वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते, कारण हा क्रमांक कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये हे सांगणारा कायदाच अजून झालेला नव्हता. तो झाला २०१६ साली. ठरवून दिलेल्या कारणांखेरीज कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करू नये, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे पेटी आधी चावडीवर उघडी मांडली गेली आणि कुलूप सहा वर्षांनी आले.

टेंभलीची आठवण काढायचे कारण असे, की कोणता कागद कोणी पाहावा हा प्रश्न संगणकाने आणला अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. हा प्रश्न जुना आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर तो पोटाचा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातली जवळजवळ सत्तर माणसे अनुसूचित जमातींची. घरात बोली भिल्ली, पावरी किंवा मावची; कागद मात्र मराठीत, आणि त्याआधी मोडीत. त्यामुळे दप्तराला दुसरे कुलूप लावायची गरजच कधी पडली नाही. लिपी हेच कुलूप होते.

जुन्या माणसांना कुलकर्ण्याचे दप्तर आठवत असेल. तांबड्या रुमालात बांधलेले, गाठीवर गाठ मारलेले, देवघराशेजारच्या फडताळात ठेवलेले. गावाचा सगळा जीव त्या रुमालात. तो सोडण्याचा अधिकार एका घराण्याचा, वंशपरंपरेने चालत आलेला. मुंबई राज्याने १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द केली आणि पगारी तलाठी आला. रुमाल गेला, लोखंडी कपाट आले. एकवीस गावनमुने ठरले: सातबारा, आठ-अ, सहा नंबरची फेरफार नोंदवही आणि बाकीचे. त्यानंतर आलेल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३२७ आहे. नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले राहतील, ठरावीक फी भरून त्यांचे उतारे मिळतील, असे ते कलम सांगते. माहिती अधिकाराच्या कितीतरी आधी, अगदी साध्या शब्दांत, कागद सगळ्यांना खुला केलेला होता!

खुला म्हणजे किती खुला, हे तलाठ्याच्या दारात तिष्ठत बसलेल्या माणसाला विचारावे. साहेब आठवड्यातून एकदा येणार, तो दिवस बाजाराचा निघणार, आला तर कपाटाची किल्ली तालुक्याला राहिलेली. सगळेच तलाठी असे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. एकेकाकडे चार-चार, सहा-सहा गावे असत, आणि अक्राणीच्या डोंगरातली गावे म्हणजे पायी चढायची गावे. पण गावातल्या सधन शेतकऱ्याला तोच सातबारा ओट्यावर चहा घेताना पाहायला मिळे आणि सालदाराला तो महिनोन्महिने मिळत नसे, हेही खरेच. कलम दोघांनाही सारखेच लागू होते. फरक होता तो कपाटाशी असलेल्या ओळखीचा.

याची किंमत काय पडली ते शहादा-तळोद्याच्या सपाटीने पाहिले आहे. तापीकाठची काळी जमीन, तिच्यात पुढे ऊस उभा राहिला. आणि त्या जमिनीचा मूळ खातेदार भिल्ल त्याच शेतात सालाने राबू लागला. जमीन गेली कशी? बहुतेक वेळा कागदाने गेली. सावकाराच्या वहीवर अंगठा, पुढे गहाणखत, त्यापुढे खरेदीखत आणि शेवटी फेरफार. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली पाहिजे, हितसंबंधितांना कळवले पाहिजे, हरकतीला पंधरा दिवस दिले पाहिजेत, असे संहितेचे कलम १५० सांगते. नोटीस लागतही असेल. वाचणार कोण? ज्याची जमीन जात होती त्याच्याखेरीज गावातल्या प्रत्येक वाचत्या माणसाला ती जाताना दिसत होती.

१९७२ च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल समाजातलेच कार्यकर्ते मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा हिशेब मागू लागले. त्या चळवळीची कथा स्वतंत्र लेखाची आहे. इथे सांगायचे ते एवढेच, की त्या वातावरणात राज्याने १९७४ साली दोन कायदे केले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जाऊ नये हा एक. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात अशा रीतीने गेलेल्या जमिनी परत कराव्यात हा दुसरा. दुसरा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. आता या तारखा पुन्हा एकदा वाचा. जमीन मार्च १९५७ मध्ये गेली असेल तर या कायद्याखाली हक्क नाही. एप्रिलमध्ये गेली असेल तर आहे. म्हणजे सगळे येऊन ठेपले ते फेरफाराच्या एका ओळीवर, तिच्यातल्या तारखेवर. जिल्हाधिकाऱ्याला आपण होऊनही चौकशी करता येत होती. पण जिथे अर्ज करायचा तिथे अर्जदाराला आधी ती ओळ पाहायला मिळायला हवी, आणि ती होती त्याच कपाटात.

डोंगरातली गोष्ट आणखी वेगळी. सातपुड्याच्या वरच्या अंगाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, पुष्कळ पाड्यांच्या नावे धड सातबाराच नव्हता, कारण जमीन वनखात्याची. मणिबेली हे त्यांपैकी नर्मदेकाठचे गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात शिरले ते प्रथम तिथे. पाणी कुठवर येणार, कोणाचे घर जाणार, बदल्यात जमीन कुठे मिळणार, ही माहिती कागदावर होती. ज्यांचे घर जायचे त्यांच्यापर्यंत मात्र ती पोचत नव्हती. धरणाच्या परिसरातल्या गावांना तर गुजरात सरकारने १९८८ साली सरकारी गुपितांचा कायदा लावला होता. हेरगिरीसाठी केलेला ब्रिटिशांच्या काळातला हा कायदा, तो शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांच्या वाटेवर! पैसे देणाऱ्या जागतिक बँकेने मोर्स समिती नेमली, तिचा अहवाल १९९२ साली आला, आणि बाधित लोकांना पुरेशी माहिती न देणे, त्यांच्याशी सल्लामसलत न करणे, यावर तिने कडक ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी बँकेला आपली कागदपत्रे खुली करण्याचे धोरण बदलावे लागले आणि तक्रारी ऐकण्यासाठी तपास मंडळ नेमावे लागले. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी बँकेसाठी मागण्यांचे जे जाहीरपत्र काढले त्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. वॉशिंग्टनमधल्या कपाटाला ज्या गावाचे नाव लागले, त्या गावाला स्वतःचा गावनकाशा पाहायला मिळणे मात्र अवघड होते.

मग संगणक आला. सातबारा पडद्यावर आला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या काढता येऊ लागला, आणि ज्याला वाचता येते, ज्याच्या हातात फोन आहे, त्याची सजावरची खेप खरोखरच वाचली. हे लहान काम नव्हे. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पडद्यामागची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. तलाठ्याला (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराची नोंद घालता येते, प्रमाणित करता येत नाही. मंडळ अधिकाऱ्याला प्रमाणित करता येते. तहसीलदाराची खिडकी वेगळी. खातेदाराला पाहता येते, एका अक्षरालाही हात लावता येत नाही. ज्याची जी भूमिका, त्याला तेवढेच दार. यंत्र माणसाला ओळखत नाही, खुर्चीला ओळखते.

आधारची रचनाही तीच, पण अधिक काटेकोर. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा एकदा घेतला की तो मध्यवर्ती कोठारात जातो. रेशन दुकानदार यंत्रावर तुमचे बोट टेकवतो तेव्हा त्याला तुमचा ठसा दिसत नाही. ‘हा तोच माणूस आहे काय?’ एवढेच तो विचारतो आणि कोठार ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते. ही कल्पना चांगली आहे. कायद्यातली एक गंमतही सांगतो. आपली नोंद पाहू द्या, अशी विनंती तुम्ही प्राधिकरणाला करू शकता. पण तुमचे ठसे आणि बुबुळे त्यातून वगळलेली आहेत. स्वतःच्या अंगठ्याचा कोठारातला ठसा पाहण्याची परवानगी नसलेला माणूस म्हणजे त्या अंगठ्याचा मालक! यामागे सुरक्षिततेचे कारण आहे आणि ते मला पटतेही. तरी शेतमजुरीने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे ज्याला रेशनच्या दुकानात ‘नाही’ ऐकावे लागते, त्याला आपल्या ठशात नेमके काय चुकले हे कुठे पाहायचे, असा प्रश्न पडला तर त्याला खुळा म्हणता येणार नाही.

खुर्चीला ओळखणाऱ्या यंत्राची दुखरी बाजू जानेवारी २०१८ मध्ये उघडी पडली. चंदीगडच्या ‘ट्रिब्यून’ या दैनिकाच्या वार्ताहर रचना खैरा यांनी पाचशे रुपये देऊन एका दलालाकडून एक नाव आणि परवलीचा शब्द मिळवला. त्यानंतर कोणाचाही आधार क्रमांक घातला की नाव, पत्ता, छायाचित्र, फोन समोर. ठसे त्यात नव्हते. प्राधिकरणाने ते आवर्जून सांगितले. तक्रार निवारणासाठी अधिकाऱ्यांना दिलेल्या शोधसोयीचा हा गैरवापर आहे, असा खुलासा आला. पोलिसांत जी तक्रार गेली तिच्यात वार्ताहराचेही नाव होते. खुलासा खराच असेल. पण त्याचा अर्थ काय झाला? कोठाराची भिंत कोणी फोडली नव्हती. खुर्ची भाड्याने दिली गेली होती. कुलकर्ण्याच्या काळी रुमाल सोडायचा तर निदान त्याच्या ओसरीवर जावे लागे, आणि कोण येऊन गेले हे गावाला दिसे.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आधारचा निकाल दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायमूर्तींनी आदल्या वर्षीच, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सांगितलेले होते. त्या प्रकाशात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार टिकवला, पण काही दारे बदलली. माहिती द्या असा हुकूम पूर्वी जिल्हा न्यायाधीश काढू शकत. २०१९ च्या दुरुस्तीने तो अधिकार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे गेला. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती उघडायला सहसचिव पुरत असे. न्यायालयाने म्हटले, त्याहून वरचा अधिकारी हवा आणि सोबत न्यायिक अधिकारीही हवा. दुरुस्तीत सचिव आला, न्यायिक अधिकारी आला नाही. खुर्ची उंच झाली. दुसरी खुर्ची तिच्याशेजारी ठेवायची होती, ती राहूनच गेली.

इथवर वाचून वाटेल, की सगळे कागद सगळ्यांना खुले करावेत म्हणजे झाले. तसे नाही, आणि तेही याच जिल्ह्यात कळते.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण. एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून काहीसे संरक्षणच मिळते. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, दोघांची कार्डे ताडून पाहा, असा सल्ला दिला जातो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. रक्त घ्यायचे, निकाल संगणकावर चढवायचा, कार्ड द्यायचे.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सोळा वर्षांची, आश्रमशाळेतली, तपासणीत वाहक निघालेली. हा निकाल कोणी पाहावा? प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाने तो पाहिलेलाच आहे. नोंदी चढवणाऱ्याने पाहिला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने पाहायलाच हवा. परिचारिकेने पाहावा, कारण पाड्यावर तीच जाते. आशाताईंनी? त्या त्याच पाड्यावरच्या, कोणाच्या तरी वहिनी, कोणाच्या तरी मावशी. शाळेत तपासणी झाली म्हणून यादी मुख्याध्यापकांकडे गेली, तर वर्गशिक्षकाने ती पाहावी काय? आणि वर्गात मोठ्याने वाचावी काय? पाड्यावर बातमी पोचायला एक बाजाराचा दिवस पुरतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे सांगत कोण फिरणार? इकडे देज ठरवायला बसलेली मंडळी मुलीचे कार्ड मागतील, आणि मुलाचे कार्ड विचारायचे कोणाला सुचणार नाही. खरे तर एकट्या कार्डाला काही अर्थच नाही, अर्थ आहे तो जोडीला.

मग दडवून ठेवावे? तेही चालत नाही. रुग्ण असलेले मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेले, थंडीच्या रात्री हातपाय पिळवटून दुखू लागले आणि आईने त्याला तिथल्या दवाखान्यात नेले, तर समोरच्या डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत कळले पाहिजे की हे सिकलसेलचे मूल आहे. त्या डॉक्टरची खुर्ची दुसऱ्या राज्यातली. त्याला दार उघडायला हवे. म्हणजे जो कागद वरपक्षापासून जपायचा, तोच बारडोलीच्या अनोळखी डॉक्टरला लगेच दिसला पाहिजे. हे खुर्च्यांची यादी करून सुटणारे कोडे नव्हे. त्या मुलीला आणि तिच्या आईला, तिच्या बोलीत, कार्डावर काय लिहिले आहे ते समजावून सांगणारे माणूस लागते, म्हणजे कोणाला दाखवायचे हे त्या ठरवतील. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात संमती घेताना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे असे आहे. कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. त्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. भिल्ली त्यांत नाही. पावरीही नाही.

आणि याच कायद्याच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्यात (महाराष्ट्राने आपला त्याआधीच केला होता, अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर) कलम ८(१)(जे) असे होते, की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती नाकारता येईल. पण व्यापक जनहित असेल तर द्यावी, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारू नये. २०२३ च्या कायद्याने या कलमातले अटी-अपवाद काढून टाकले. खासगी माहिती, एवढेच शब्द उरले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. जनहितासाठी माहिती देण्याची वाट शेजारच्या ८(२) या कलमात अजून आहे, असे सरकारचे म्हणणे, आणि कागदावर ते बरोबर आहे. पण तालुक्याच्या कचेरीतला माहिती अधिकारी पहिल्यांदा कोणते कलम उघडेल, याचा अंदाज बांधायला कायदेपंडित असावे लागत नाही.

घरकुलाची यादी, वनहक्काचे मंजूर-नामंजूर दावे, रोजगार हमीच्या कामावरचे हजेरीपट या सगळ्यांत माणसांची नावे असतात. नाव म्हणजे खासगी माहिती म्हटले, तर मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी कोणी उचलली हे शोधायचे कसे? गावाला ते नाव वाचूनच कळते. पडद्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. मुलीचे रक्त झाकायचे आणि हजेरीपट उघडा ठेवायचा, हे दोन्ही करता येते. दोन्ही कागद ‘खासगी’ या एकाच शब्दाच्या कपाटात टाकले, की झाकले जाते ते बहुधा हजेरीपट, आणि फुटते ते रक्त.

फेरफाराच्या नोटिसाही आता संगणकावर लागतात. राज्य सरकारने त्या सोयीला ‘आपली चावडी’ असे सुरेख नाव दिले आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, की हरकतीसाठी खुल्या नोंदी दिसतात. कोणतीही खुर्ची लागत नाही, कोणीही पाहावे. अक्राणी तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर फोनला रेंज घरात मिळत नाही. त्यासाठी टेकाडाच्या एका ठरावीक कडेला जाऊन उभे राहावे लागते, आणि ती जागा पोरांना पाठ असते. हरकतीची मुदत अजून पंधरा दिवसांचीच आहे.